शीत कुठून काढायचं?



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्या डॉक्टरांना भाषणं आवडत नसत. एरवी माणूस बोलका, पण माईक दिसला की 'ओपीडी आहे' म्हणून उठून जायचे. त्यांच्या नावाने मी आज तासभर बोलणार हे कळलं असतं, तर त्यांनी एवढंच विचारलं असतं : 'आकडे कुणाकडून आणलेस?' माझे आकडे लोकांनी मोबाइलवर जे लिहिलं त्यातून आणलेले आहेत. लसीबद्दल लोकांच्या मनात काय आहे हे समाजमाध्यमांवरच्या पोस्टी मोजून कळतं का, आणि कळत असेल तर नेमकं काय कळतं, हा आजचा विषय. मी संख्याशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. आणि सुरुवात माझ्याच एका चुकीने करते.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. आम्ही तीन-चार शिक्षक आणि काही विद्यार्थी एका जिल्ह्यासाठी हौसेने काम करत होतो. जिल्ह्याचं नाव नको. लसीबद्दलच्या उघड्या पोस्टी संगणकाने गोळा करायच्या, अनुकूल, प्रतिकूल आणि तटस्थ अशा तीन टोपल्यांत टाकायच्या आणि तालुकावार नकाशा रंगवायचा. हिरवा, पिवळा, लाल. नकाशा दिसायला फार सुंदर होता, हीच त्यातली वाईट गोष्ट. एक तालुका तीन दिवसांत लालभडक झाला. आम्ही तत्परतेने कळवलं की इथे लसविरोध वाढतोय, जनजागृती करा. तिथल्या लोकांनीही तत्परतेने भोंगा लावलेली रिक्षा गावोगाव सोडली : 'लस सुरक्षित आहे, घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका.'

दोन दिवसांनी तिथल्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंचा मला फोन आला. 'मॅडम, ती रिक्षा तुम्ही पाठवलीय म्हणे. बंद करायला सांगा, लोक मला मारतील. तीन दिवस झाले, लस नाही. माणसं पहाटे चारला येऊन चपला ठेवून नंबर लावतायत. अकरा वाजता मी त्यांना परत पाठवते, आणि त्यांच्या अंगावरून ती रिक्षा जाते, घाबरू नका म्हणत.'

मग मी ती लाल टोपली हाताने उपसून पाहिली. त्यात माणसं चिडलेली होती, खरंच. पण कशावर? लस मिळत नाही म्हणून. तुम्हाला ते दिवस आठवत असतील. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच मुंबई, पुणे, सातारा इथली कितीतरी केंद्रं साठा नाही म्हणून बंद झाली होती. १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली आणि कोविन या नोंदणीच्या संकेतस्थळावरची वेळ डोळ्यांदेखत नाहीशी व्हायला लागली. तेव्हा माणूस काय लिहिणार? 'लाज वाटली पाहिजे. आईला घेऊन तिसऱ्यांदा परत आलो.' यात संगणकाला 'लाज' दिसली, 'परत आलो' दिसलं, आणि त्याने वाक्य प्रतिकूल टोपलीत टाकलं. आम्ही रंगवलेला सगळ्यात लाल तालुका हा बहुधा लसीसाठी सगळ्यात आसुसलेला तालुका होता.

आमच्या धंद्यात याला भावना आणि भूमिका यांची गल्लत म्हणतात. चीड ही भावना, लस हवी ही भूमिका. लग्नघरात वरमाय जेवणावर चिडली म्हणजे तिला लग्न मोडायचं आहे असं होत नाही. आम्हाला हे पुस्तकात माहीत होतं, नकाशा रंगवताना विसरलो.

मघाचं 'लाज वाटली पाहिजे' हे वाक्य मी रचलेलं आहे, हे सांगायला हवं. त्या साच्याची वाक्यं टोपलीत पुष्कळ होती, पण लिहिणाऱ्याने ती या सभागृहासाठी लिहिली नव्हती. उघड्यावर लिहिलं म्हणजे कुणीही उचलावं, व्यासपीठावर वाचावं, हे मला पटत नाही. रस्त्यावर माणूस रडताना दिसतो, म्हणून आपण त्याचा फोटो काढत नाही. म्हणून आज नमुने सगळे माझ्या घरचे.

आता मराठीचाच प्रश्न घ्या. संगणकाला मराठी शिकवायची म्हणजे आधी माणसांनी हजारो वाक्यं वाचून त्यावर खुणा करायच्या. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीटचा असा संग्रह खुला केला. फार मोलाचं काम आहे, आणि त्यावर आमच्यासारखे पुष्कळ जण उभे आहेत. पण ती ट्वीट मुख्यतः सार्वजनिक जीवनातल्या मंडळींची. पुढाऱ्यांची मराठी शिकलेल्या यंत्राला चपला लावून रांगेत बसलेल्या माणसाची मराठी वाचायला दिली की काय होतं? 'लस' हा शब्द निम्मे लोक इंग्रजी अक्षरांत लिहितात, तोही तीन-चार तऱ्हांनी. उरलेले 'लस' म्हणतच नाहीत. इंजेक्शन, सुई, व्हॅक्सिन, टोचून घेतलं, डोस. आणि 'डोस' हा शब्द तर यंत्राचा शत्रूच. 'आजोबांनी काल पुन्हा डोस दिला' म्हणजे आजोबा लसीकरण केंद्रावर नोकरीला आहेत असं नव्हे, हे तुम्हाला सांगावं लागत नाही. 'दोन दिवस ताप, हात उचलवत नाही, पण सुटलो बाबा एकदाचा' हे वाक्य कुठल्या टोपलीत? यात ताप आहे, दुखणं आहे, 'सुटलो' आहे. आणि माणूस तर पेढे वाटायच्या बेतात आहे.

यावर कुणी म्हणेल, यंत्रं आता सुधारली. सुधारली खरी. 'डोस'मधला फरक आजच्या यंत्राला बराच कळतो. उद्या ते टोमणासुद्धा ओळखेल. म्हणून मी माझी खरी अडचण यंत्राच्या अडाणीपणावर टांगत नाही. यंत्राने एकही वाक्य चुकवलं नाही असं धरून चला. प्रत्येक पोस्ट बरोबर टोपलीत गेली. मग त्या टोपल्यांवरून लोकांचं मन कळलं का?

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. संख्याशास्त्राचा हा पायाच आहे, आणि आमच्या आज्यांना तो आमच्या आधी कळला होता. पण एक शीत चेपून आजी भाताबद्दल बोलू शकायची, कारण आच सगळीकडे सारखी लागलेली असायची आणि शीत ती मधून काढायची. आता कल्पना करा की तिने पातेल्यात हातच घातला नाही. भाताला ऊत आला, झाकण उचललं गेलं, फेस चुलीवर सांडला, आणि त्या फेसाबरोबर जी शितं बाहेर आली तेवढी तिने गोळा केली. भरपूर गोळा केली, वाटीभर. त्या वाटीवरून तिने सांगितलं की भात झाला. समाजमाध्यमांवरच्या पोस्टी ही अशी उतू गेलेली शितं आहेत. ती खोटी नाहीत, त्याच पातेल्यातली आहेत. पण ती बाहेर का आली, याचं कारण त्यांच्या शिजण्यात नसून फेसात आहे.

आणि वाटीच्या जागी घमेलं भरलं तर? इथे भलेभले फसतात. १९३६ मध्ये अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, २३ लाखांच्या आसपास परत आल्या, आणि लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. मोटार आणि टेलिफोन असलेल्यांच्या याद्यांवरून पत्रं गेली होती. ही गोष्ट आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतो आणि मुलं हसतात. पण याच जातीची चूक, अमेरिकेतच, लसीच्याच बाबतीत २०२१ मध्ये झाली, तेव्हा कुणी हसलं नाही. फेसबुकमार्फत आठवड्याला सुमारे अडीच लाख लोकांना विचारलं जात होतं की तुम्ही लस घेतली का. कामामागे कार्नेगी मेलन विद्यापीठाचे नामांकित लोक होते. त्याच वेळी दुसरं एक सर्वेक्षण दर खेपेला जेमतेम हजार माणसांना विचारत होतं, पण माणसं निवडून, काळजीपूर्वक. मे महिन्यात खरा आकडा सरकारी नोंदींतून कळला, तेव्हा अडीच लाखांचं सर्वेक्षण १७ टक्के-अंकांनी वर गेलेलं निघालं आणि हजारांचं बऱ्यापैकी जवळ. डिसेंबर २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये याची चिरफाड छापून आली. नमुना मोठा झाला की चूक लहान होते, हे तुम्ही ऐकलं असेल. नमुना कलता असेल तर तो जितका मोठा, तितक्या ठामपणे तो चुकतो. आणि इथे तर लोकांना निदान प्रश्न विचारला होता. पोस्टींमध्ये तर कुणी काही विचारलेलंच नसतं.

आपल्याकडे पातेलं कसं आहे ते पाहा. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने समाजमाध्यमांचे नवे नियम जाहीर केले, तेव्हा देशातल्या वापरकर्त्यांचे आकडे दिले होते : व्हॉट्सअ‍ॅप ५३ कोटी, ट्विटर पावणेदोन कोटी. अभ्यास मात्र बहुतेक ट्विटरचे झाले. का? तर ते उघडं होतं आणि संगणकाने उपसता येत होतं. बोलणं एका आळीत, आणि आम्ही कान लावून दुसऱ्या आळीत. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं बंद दाराआड चालतं, आणि ते बंदच राहायला हवं, याबद्दल माझं दुमत नाही. त्यात २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा धरा. इंटरनेट कधीतरी वापरलंय असं सांगणारे पुरुष शंभरात ५७, स्त्रिया ३३. तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन लसीकरणाच्या सत्राला कोण जातं? ट्विटरवर तावातावाने वाद घालणारा काका नक्कीच नाही.

बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, तशी बोलणाऱ्याची मतंही. काही वेळा बोरं विकणारा माणूससुद्धा नसतो. अमेरिकेत २०१४ ते २०१७ या काळातली लसीबद्दलची ट्वीट तपासली गेली, तेव्हा रशियन ट्रोल खाती लसीच्या बाजूनेही आणि विरोधातही लिहिताना सापडली. त्यांना लसीचं काहीच पडलेलं नव्हतं, त्यांना भांडण हवं होतं. आपल्याकडचा किस्सा याहून साधा आहे. फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या दिवशी अंतरिम अर्थसंकल्पात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा उल्लेख आला. दुसऱ्या दिवशी एका अभिनेत्रीचं त्याच आजाराने निधन झाल्याची बातमी फिरली, आणि तिसऱ्या दिवशी ती स्वतःच पडद्यावर येऊन म्हणाली, मी आहे, जागृतीसाठी केलं. त्या आठवड्याचा आलेख काढला तर या लसीबद्दल देशाला अचानक केवढी आस्था वाटायला लागली असं दिसेल! मी तो काढलेला नाही, काढायची गरजही वाटली नाही.

मग हा सगळा उद्योगच फोल, असं मी म्हणते का? नाही. या विषयातला पाया घालणारा एक अभ्यास मला फार आवडतो. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ होती. मार्सेल सालाथे आणि शशांक खंडेलवाल यांनी अमेरिकेतली त्या लसीबद्दलची पावणेपाच लाखांवर ट्वीट गोळा केली. विद्यार्थ्यांना बसवून हजारो ट्वीट हाताने वाचून घेतली, त्यावरून यंत्र शिकवलं, आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापला : ज्या भागात सूर अनुकूल, त्या भागात लस घेतल्याचं प्रमाणही जास्त. म्हणजे फेसावरून भाताचा थोडाफार अंदाज आला. पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट फारसं कुणी उच्चारत नाही. यंत्राने खुणा केलेल्या ट्वीटपैकी पाचातली चार तटस्थ निघाली. अनुकूल-प्रतिकूलचं सगळं गणित उरलेल्या एका पंचमांशावर. तटस्थ टोपलीकडे मी शेवटी परत येणार आहे, ती लक्षात ठेवा.

मध्ये थोडं मागे जाऊ या. लोकांचं लिखाण गोळा करून त्यांचं मन ओळखायचा हा उद्योग आपल्याला नवा वाटतो, पण मुंबई इलाख्यात तो दीडशे वर्षं जुना आहे. इंग्रज सरकारचं भाषांतर खातं दर आठवड्याला मराठी, गुजराती, उर्दू, कानडी वर्तमानपत्रं चाळून त्यांचा गोषवारा काढायचं. 'नेटिव्ह न्यूजपेपर्स'चा अहवाल. तो गोपनीय, साहेबांच्या टेबलावर जायचा. कुठलं पत्र सरकारवर नाराज, कुठलं खूश, कशावरून. आमच्या लाल-हिरव्या नकाशाचा हा खापरपणजोबा. १८९६-९७ ची प्लेगची साथ आली, तेव्हा या अहवालांत वर्तमानपत्रांचं म्हणणं पानोपानी येत होतं. त्याच वेळी शास्त्रज्ञ हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर चाचणी झाली.

पण शहरात खरी भीती कशाची होती? दवाखान्यात नेतात ते बरं करायला नव्हे, तर माणसाच्या अंगातून मोमियाई नावाचं औषधी तेल काढायला, असं लोक बोलत होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. ते अग्रलेख वाचून निघाले नव्हते. १९०१ च्या शिरगणतीत देशात लिहिता-वाचता येणारे शंभरात पाच-सहा. साहेबाच्या टेबलावर त्या पाच-सहांचं मत साप्ताहिक गोषवारा होऊन येत होतं, आणि उरलेल्यांचं मत थेट दगड घेऊन आलं. अनुवादाचं तर विचारूच नका. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी कोर्टापुढे दिवसच्या दिवस हाच मुद्दा लढवला, की सरकारी भाषांतराने माझ्या मराठी शब्दांचा अर्थ फिरवलाय. 'डोस'वरून आमची जी फजिती झाली, ती त्यामानाने स्वस्तात सुटली.

ते आर्थर रोडचं रुग्णालय म्हणजे आजचं कस्तुरबा. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवर पसरला, मुलं दगावली, तेव्हा आजारी मुलं त्याच कस्तुरबात येत होती. ज्या बाळांचे डोस राहिले होते, त्यांच्या आयांनी 'आमचा लसीला विरोध आहे' असं कुठे लिहून ठेवलं होतं का? कोविडमध्ये सत्रं बंद पडली होती. कुणी गावाला गेलं होतं, कुणी नुकतंच त्या वस्तीत आलं होतं, कुणाच्या मनात धाकधूकही होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये लसीबद्दलच्या का-कूची तीन कारणं मांडली. का-कू हा माझा शब्द. त्यांचा इंग्रजी शब्द याहून जड आहे आणि याच्याइतका चांगला नाही. पहिलं कारण अविश्वास. दुसरं बेफिकिरी, म्हणजे 'आता कुठे गोवर होतो कुणाला'. तिसरं गैरसोय, म्हणजे केंद्र लांब, रोज बुडतो, बाळाला घेऊन जायला कुणी नाही. आता विचार करा, यातलं पोस्टीत काय उतरतं? अविश्वास उतरतो, दणक्यात उतरतो. गैरसोय कधीमधी उतरते, पण ज्याच्याकडे फोन आहे त्याची. आणि बेफिकिरी कधीच उतरत नाही. 'आज बाळाचा डोस होता, विसरले' असं कुणी जगाला कळवतं का? पोस्टी मोजणाऱ्याला म्हणून नेहमी असंच वाटत राहतं की सगळा प्रश्न अविश्वासाचा आहे, आणि उपाय एकच, पटवून देणं. आमची भोंग्याची रिक्षा तिथूनच निघाली होती.

उलटही होतं, मनात नसताना लस घेतली जाते. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, लसीचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय पेट्रोल नाही, रेशन नाही, असा हुकूम निघाला होता. अशा वेळी पेट्रोल पंपाच्या रांगेतून निघून केंद्राच्या रांगेत जाणाऱ्याचं मत बदललं म्हणायचं का? त्याची गाडी रिझर्व्हवर होती, एवढं नक्की.

आता डॉक्टरांचं सांगते. १९९९-२००० पासून पोलिओची मोहीम बूथ सोडून दारोदार जायला लागली. मी कॉलेजात होते आणि सुट्टीत त्यांच्याबरोबर हिंडायचे. काम सोपं. घरात जायचं, पाच वर्षांखालची मुलं मोजायची, थेंब पाजायचे, करंगळीच्या नखावर शाई लावायची, आणि बाहेर पडताना दाराशेजारी भिंतीवर खडूने खूण करायची. सगळ्या मुलांना पाजलं तर इंग्रजी पी. एखादं राहिलं तर एक्स, ज्याला सगळे फुली म्हणायचे. संध्याकाळी पथकं उपकेंद्राच्या ओट्यावर जमायची. चहा यायचा. वरून आकडा मागणारा फोन यायचा : फुल्या किती? डॉक्टर फोनवर आकडा सांगायचे आणि मग पथकाकडे वळायचे. 'फुल्या किती ते झालं. आता फुल्या कसल्या ते सांगा.'

मग एकेक फुली उलगडायची. घराला कुलूप. बाई बाळंतपणाला माहेरी. पोर तापाने फणफणलंय म्हणून आई नको म्हणाली. हे सगळं वगळून खरा नकार म्हणून जी चार-दोन घरं उरायची, त्यांवर डॉक्टर अडून बसायचे. एका घरी सासू म्हणाली होती, पोराचा बाप मुंबईला आहे, त्याला विचारल्याशिवाय नको. तेव्हा घरोघर फोन नव्हते. त्या बापाला पोलिओ म्हणजे काय ते पटवायचं नव्हतं, त्याला फक्त विचारायचं होतं. एका वस्तीने सगळीच दारं लावून घेतली होती. डॉक्टर स्वतः गेले, मी मागे. म्हातारा म्हणाला, 'दर महिन्याला थेंब घेऊन येता. रस्ता मागून सात वर्षं झाली, तो कधी आणता?' त्या वस्तीतल्या फुलीत लस नव्हतीच, रस्ता होता. डॉक्टरांनी रस्ता देतो म्हटलं नाही, त्यांच्या हातात तो नव्हता. तिथेच बसून त्यांनी अर्ज लिहिला, म्हाताऱ्याचा अंगठा घेतला, आणि मग थेंब पाजले. रस्ता पुढे झाला की नाही, मला माहीत नाही.

खडूची ती फुली माझ्या संगणकातल्या 'प्रतिकूल'पेक्षा कितीतरी हुशार होती. कारण ती दारावर होती. तिच्यामागे घर होतं, आणि कुणीतरी उद्या पुन्हा तिथे जाणार होतं. पोस्टीला दार नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की पोस्टी तापमापक म्हणून वापरू नका, कान म्हणून वापरा. किती टक्के लोक विरोधात, हे त्यांना विचारू नका. लोक कुठले शब्द वापरतायत, कालपर्यंत नसलेला कुठला प्रश्न आज आला, तो कुठून कुठे चाललाय, हे विचारा. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेलाची मोठी मोहीम पाच ठिकाणी सुरू झाली : गोवा, कर्नाटक, तामिळनाडू, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना एक टोचणी. कर्नाटक-तामिळनाडूत व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरले की याने मुलं आजारी पडतात, पुढे मूल होत नाही. महाराष्ट्रात मोहीम सुरू झाली २७ नोव्हेंबर २०१८ ला. म्हणजे ज्याने कान दिला, त्याच्यासाठी पावणेदोन वर्षं आधी प्रश्नपत्रिका फुटलेली होती. एक फॉरवर्ड किती लाख लोकांनी वाचला हे कळून शाळेतल्या बाईंना काही उपयोग नव्हता. उद्या पालकसभेत कुठला प्रश्न येणार आणि त्याला काय उत्तर द्यायचं, हे कळून होता. अशा कामाला शंभर पोस्टी पुरतात, पण त्या वाचाव्या लागतात. मोजून चालत नाही. आणि वाचणाऱ्याला त्या बोलीचा वास यावा लागतो.

आता तर मोजणंही कठीण झालंय. २०२३ मध्ये ट्विटरने संशोधकांची फुकटची वाट बंद केली. फेसबुकवरच्या चर्चा पाहायचं क्राउडटँगल नावाचं साधन ऑगस्ट २०२४ मध्ये गुंडाळलं गेलं. माझ्या क्षेत्रातले लोक हळहळले, मीही हळहळले. पण दारोदार जाणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या हातातली वही कुठल्या कंपनीने बंद केलेली नाही. ती आम्हीच वाचत नाही, कारण तीत खाडाखोड असते आणि ती संगणकात सरळ घुसत नाही.

तटस्थ टोपलीकडे परत येते म्हटलं होतं. आमच्या लाल तालुक्याचा बोजवारा उडाल्यावर मी ती टोपली हाताने वाचायला घेतली. त्यात बातम्यांच्या जोडण्या होत्या, जाहिराती होत्या, शिबिरांची पत्रकं होती, सगळा पालापाचोळा. आणि त्यात प्रश्न होते. मला शुगर आहे, घेऊ का. बाळाला अंगावर पाजते, घेऊ का. पहिली एका कंपनीची घेतली, आता दुसऱ्या कंपनीची मिळतेय, चालेल का. प्रश्नाला राग नसतो, आनंद नसतो, म्हणून यंत्र त्याला तटस्थ म्हणतं. आणि आम्ही टक्के काढायच्या आधी तटस्थ वगळतो.

माझ्या माहेरच्या बायकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. त्यातल्या एका भाचीला विचारूनच हे सांगते. तिची मुलगी नऊ महिन्यांची झाली होती, गोवराच्या पहिल्या डोसाची. रात्री साडेअकराला तिने गटावर लिहिलं, 'परीला सर्दी आहे, नाक वाहतंय. उद्या सत्र आहे. देऊ का?' साध्या सर्दीत देता येतं, नर्सबाई हे झोपेतही सांगतील. गटावर आम्ही साठ-सत्तर बायका, त्यातल्या दोघी डॉक्टर. सकाळी मी फोन पाहिला तेव्हा तिच्या प्रश्नाखाली एक गुलाबाचं फूल होतं, शुभ सकाळ लिहिलेलं, जोडलेले हात, आणि कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक. मी फोन लावला तोवर दुपार झाली होती. ती गेली नव्हती. पुढचं सत्र महिन्याने. नंतर मी तिचं वाक्य आमच्या यंत्रात घालून पाहिलं. यंत्र म्हणालं, तटस्थ. परीला लस पुढच्या महिन्यात मिळाली. त्या दिवशीही तिचं नाक वाहतच होतं.